कानबाई दोनदा येते

रनाळ्याच्या उखा आप्पांना एक नाद होता आणि तो गावात कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पत्त्यांचा नाद असता तर जोडीदार मिळाले असते. भजनाचा असता तर मान मिळाला असता. आप्पांना नाद होता तो यहुदी लोकांची जुनी पोथी कुणी लिहिली असेल, केव्हा लिहिली असेल, आणि एकानंच लिहिली असेल का, याचा.

दुपारचं जेवण झालं की ते ओट्यावरच्या खुर्चीत बसत. मांडीवर जाडजूड मराठी बायबल, शेजारी स्टुलावर नंदुरबारहून करून आणलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या झेरॉक्स, डिक्शनरी, आणि दोन पेन्सिली, एक तांबडी नि एक निळी. रस्त्यानं जाणारा हटकून विचारी,

"आप्पा, काय वाची ऱ्हायनात?"

"काही नही रे. जुनंपुरानं."

"या वयमा परीक्षा देवानी शे का?"

आप्पा हसत. सांगायला गेलं तर ऐकणारा दोन वाक्यांपुढे उभा राहत नसे, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. तसेही ते बोलके नव्हते. चौतीस वर्षं मराठी शिकवलं, पण वर्गाबाहेर कुणी मत विचारलं की "बघू, विचार करून सांगतो" म्हणायचे. सांगायचे मात्र नाहीत. मुख्याध्यापकपद दोनदा दारापर्यंत आलं आणि दोन्ही वेळा त्यांनी दुसऱ्याला जागा करून दिली. लोक म्हणत, मास्तर मोठ्या मनाचा. खरं म्हणजे आप्पांना स्वतःचा भरवसा नव्हता.

नादाची सुरुवात नवापूर तालुक्यातल्या शाळेत झाली. तिथं गोकुळ गावित नावाचे विज्ञानाचे शिक्षक होते. ख्रिस्ती माणूस, हसरा, रविवारी चर्च चुकवायचा नाही. दोघांच्या खोल्या शेजारी होत्या. एका दिवाळीच्या सुट्टीत आप्पांनी वाचायला काही मागितलं, तर गावित सरांनी बायबल दिलं. आप्पा मराठीचे मास्तर. गोष्ट वाचायची तर ती कुणी सांगितली, कशी सांगितली, हे बघायची त्यांना सवय. तिसऱ्याच पानावर ते अडले.

"गावित सर, इथं माणूस दोनदा कसा घडवलाय? आधी सगळी जनावरं झाली आणि शेवटी माणूस झाला. पान उलटलं तर आधी माणूस, आणि मग त्याला सोबत हवी म्हणून जनावरं."

गावित सरांनी पान मागं उलटून पुन्हा वाचलं. "लहानपणापासून वाचतोय, सर. माझ्या लक्षात नाही आलं."

"आणि पहिल्या गोष्टीत नुसतं 'देव' म्हटलंय, दुसरीत 'परमेश्वर देव'."

"पाद्रीबाबांना विचारतो."

पाद्रीबाबांनी काय सांगितलं ते आप्पांना कळलं नाही. पण महिनाभरानं गावित सरांनी पुण्याच्या एका नातलगाकडून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणून दिलं. "यात आहे म्हणे. मी वाचणार नाही. तुम्ही वाचा."

आप्पांनी वाचलं. डिक्शनरी घेऊन, एकेक पान दोन-दोन दिवस. आणि ते चकित झाले. त्यांना जे वाटलं ते परदेशातल्या विद्वानांना दोन-तीनशे वर्षांपूर्वीच वाटलं होतं. ती पाच पुस्तकं मोशेनं लिहिली अशी परंपरा. पण शेवटच्या पुस्तकात तर मोशे मरतो, त्याला पुरतात, आणि त्याची कबर आजवर कुणाला सापडली नाही असंही लिहिलेलं. मग ते लिहिलं कुणी? विद्वानांनी पोथीतले धागे वेगळे केले. देवाचं नाव इथं एक, तिथं दुसरं. जलप्रलयाच्या गोष्टीत एकीकडे नोहाला सांगितलं, प्रत्येक प्राण्याची एक जोडी घे. दुसरीकडे सांगितलं, शुद्ध प्राणी सात-सात घे. एकीकडे पाऊस चाळीस दिवस, दुसरीकडे पाणी दीडशे दिवस चढतं. म्हणजे गोष्टी दोन. कुणीतरी बसून त्यांची वेणी घातली आणि एक केली.

आप्पांनी तांबडी आणि निळी पेन्सिल घेऊन जलप्रलयाच्या ओळी वेगळ्या केल्या. तांबड्या ओळी सलग वाचल्या तर पूर्ण गोष्ट. निळ्या वाचल्या तर तीही जवळजवळ पूर्ण. त्या दिवशी त्यांना इतका आनंद झाला की ते धावतच शेजारच्या खोलीत गेले आणि गावित सरांना दाखवलं. गावित सरांनी बघितलं, "छान आहे" म्हणाले, आणि चहा ठेवायला उठले. नंतर हा विषय त्यांनी काढला नाही. दोघं निवृत्त झाले, आप्पा रनाळ्याला परतले. फोन व्हायचे, सणावाराला, मग वर्षातून एकदा.

पुढं आप्पांनी आणखी वाचलं तेव्हा कळलं की विद्वानांतही एकमत नाही. कुणी म्हणे लिहिणारे चार हात आहेत. कुणी म्हणे हात-बीत काही नाहीत, ठिकठिकाणच्या देवस्थानांत सांगितल्या जाणाऱ्या सुट्या गोष्टी आहेत, त्या पुढं ओवल्या गेल्या. कुणी म्हणे देश गेला, देऊळ जळलं, लोकांना धरून बाबिलोनला नेलं, तेव्हा परमुलखात बसून कुणीतरी हे सगळं गोळा केलं. आणि कुणी म्हणे, इतकं जुनं कापड आता उसवताच येणार नाही, उगाच नखं लावू नका. एवढी शिकलेली माणसं आयुष्यभर अभ्यास करून शेवटी "बहुधा" म्हणतात, हे आप्पांना फार आवडलं. आपल्यासारख्यांचंच राज्य आहे हे, असं त्यांना वाटे.

सर्वांत जास्त त्यांच्या मनात बसला होता तो वेणी घालणारा. नाव नाही, गाव नाही. त्याच्यापुढे दोन गोष्टी होत्या, दोन्ही कुणाच्या तरी पूज्य, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या. त्यानं एकही टाकली नाही. चाळीस आणि दीडशे, दोन्ही राहू दिले. एवढी साधी चूक त्याला दिसली नसेल का?

शोभाबाईंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, हे सगळं ऐकू येई आणि येत नसे. धान्य निवडता निवडता त्या विचारत, "तुम्हना नोहानी नाव आजून किनारले लागनी नही का?"

"लागेल, लागेल."

"त्याले सांगा, गहू वला व्हई ऱ्हायना व्हई खाले."

गेल्या मार्गशीर्षात शोभाबाई गेल्या. ताप आला, नंदुरबारला नेलं, चौथ्या दिवशी परत आणलं ते तसंच. मुलगा भाग्येश सुरतेला कापड मार्केटमध्ये. तो म्हणाला, "आप्पा, माझ्याकडे चला." आप्पा म्हणाले, "बघू, विचार करून सांगतो." त्यांनी विचार केला नाही. घरात धान्य निवडायला कुणी नव्हतं, नि ओट्यावर पेन्सिली तशाच होत्या.

श्रावण जवळ आला तशी एक दिवस चेतना आली. चेतना म्हणजे तापीबाईंची नातसून. तापीबाई ही आप्पांच्या चुलत थोरल्या भावाची विधवा बायको, त्यांच्या भाऊबंदकीतली आता सर्वांत वयस्क बाई. चेतना बी.एड. झालेली, इंग्रजी शाळेत शिकवायची, गावच्या बायकांच्या मंडळाची अध्यक्ष.

"आप्पा, औंदा कानबाई आमच्या घरी बसनार. आनि मी ठरवलंय, आपल्या भाऊबंदकीचं कानबाईचं गाणं छापून काढायचं. नव्या सुनांना येतच नाही. सगळ्या मोबाइलमध्ये बघून भलतंच म्हणतात."

"चांगलं आहे."

"छापायला तुम्हीच द्यायचं लिहून. माझ्याकडे तीन वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग आहे. पण त्यात घोळ आहे. कानबाई एकदा येते, तिला चौरंगावर बसवतात, ओवाळतात, आनि पुन्हा ती नदीवरून येते! बसलेली बाई परत कशी येईल? तेवढं सरळ करा. एकच, नीट, छापण्यासारखं."

आप्पा पुढं वाकले. "दोनदा येते?"

"हो ना. कुणाच्या लक्षातच नाही इतकी वर्षं."

तिनं रेकॉर्डिंग त्यांच्या मोबाइलवर पाठवलं आणि गेली.

कानबाईचा सण या बाजूला मोठा. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-लुगडं नेसवून देवी बसवतात, रात्रभर बायका गातात, सोमवारी वाजतगाजत बोळवतात. रोट करतात. घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळायचा आणि त्या पिठाचा रोट फक्त भाऊबंदांनीच खायचा. परक्याला द्यायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलासुद्धा नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं आप्पांच्या भाऊबंदकीत गाणं धरायच्या त्या तापीबाई आणि शोभाबाई, दोघी समोरासमोर बसून. आप्पा तेव्हा बाहेर ओट्यावर असत, किंवा घरी झोपलेले. बायकांचं गाणं ऐकायला पुरुष आत जात नाही. पण ओट्यावरून ऐकू येत होतं ना? आलं असेलही. त्यांनी कान दिला नव्हता.

आता दिला. पहिल्यांदा ऐकलं ते गाण्यासाठी नाही, तिच्या आवाजासाठी. पण रेकॉर्डिंग मागच्या रांगेतून केलेलं. पुढं डफ, मागं लेकरांचा कालवा, आणि प्रत्येक ओळ पंधरा-वीस बायका मिळून झेलत होत्या. त्या गोंगाटात शोभाबाई कुठं आहेत ते कळेना. आप्पांनी मोबाइल कानाला लावला, उशाशी ठेवला, गच्चीवर नेऊन बघितला. एवढ्या बायकांत आपल्या बायकोचा आवाज आपल्याला ओळखू येत नाही, याची त्यांना लाज वाटली.

मग त्यांना जे येत होतं तेच ते करायला बसले. सगळं गाणं कागदावर उतरवून घेतलं आणि दोन पेन्सिली काढल्या.

पहिल्यांदा नावं बघितली. काही ओळींत कानबाईला 'रानी' म्हटलं होतं, काहींत 'माय'. रानी यायची ती दमणीत बसून, म्हणजे पडदा लावलेल्या बैलगाडीत. संगे भाऊ, दाराला तोरण, दिव्यांची ओळ. माय यायची ती एकटी, पायी, नदीतून, ओल्या पायांनी. रानीला लोक चौरंगावर बसवायचे. माय उंबऱ्यावर उभी राहून पाणी मागायची. रानीच्या ओळी तांबड्या केल्या, मायच्या निळ्या. तांबड्या सलग वाचल्या: पूर्ण गाणं. निळ्या वाचल्या: जवळजवळ पूर्ण.

आणि नदी कोणती? तापी. रनाळ्याला तापी कुठं आहे? इथल्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी नसतं. तापीकाठचं माहेर होतं ते शोभाबाईंचं. लग्न होऊन आल्या तेव्हा हे गाणं पदराला बांधून आणलं असणार, आणि इथल्या गाण्यात ओळ-ओळ करून गुंफलं असणार. किंवा कुणी गुंफलंच नसेल, दोघी जोडीनं गात गेल्या आणि ते तसं होत गेलं.

आप्पांनी निळ्या ओळी पुन्हा वाचल्या. मोबाइलमध्ये जी सापडली नव्हती ती इथं होती. उंबऱ्यावर उभं राहून पाणी मागणारी. नवी नवरी म्हणून या घराच्या उंबऱ्यावर ती उभी राहिली तेव्हा तिचं वय सतरा होतं, आणि आप्पा तिच्याशी पहिला शब्द तीन दिवसांनी बोलले होते.

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांना एखाद्या गोष्टीची पक्की खात्री होती. ते स्वतः उठून चेतनाच्या घरी गेले. तिथं छापण्याबद्दल ठरवायला पाच-सात बायका जमल्याच होत्या. आप्पांनी कागद उघडला आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. नावं दोन, वाहन दोन, वाट दोन. हे इथलं, हे शोभाचं. बोलताना त्यांचा आवाज जरा मोठाच झाला.

बायका ऐकत राहिल्या. मग फुलवंताबाई नावाची, तोंडानं फटकळ अशी एक भाऊबंदातली बाई म्हणाली, "म्हंजे नदीवालं सगळं बाहेरनं शे?"

"बाहेरचं असं नाही... तिच्या माहेरचं."

"मग बाहेरनंच ना, आप्पा! रोट आपला भाऊबंदना, आनि गाणं परकं? आते समजनं, मागला वरीसले मन्ही मिरची कसाले सडनी!"

सगळ्या हसल्या. तापीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चाळीस वर्षं त्यांचं नि शोभाबाईंचं कशावरून ना कशावरून चाललेलंच असे; पुरणात वेलदोडा किती इथपासून. त्या म्हणाल्या, "मन्ही सासूनी माले शिकाडं ते खरं गाणं. मी पयलेपासून सांगी ऱ्हायनू. ती शोभी कोनं ऐके?"

चेतनानं विचार केला. "आप्पा, मग सोपंच झालं की. तांबडं तेवढं ठेवू. एकदाच येते, घोळ मिटला. तुम्ही किती छान वेगळं करून दिलं!"

आप्पांना सांगायचं होतं, काढण्यासाठी नाही वेगळं केलं. तोंडातून निघालं ते, "बरं. बघा तुम्ही."

घरी येईपर्यंत त्यांना नीट उमजलं की काय झालं. शोभा बेचाळीस वर्षं त्या गाण्यात कुणाला न दिसता बसून होती. त्यांनीच बोट दाखवून तिला उठवलं.

दोन दिवस त्यांनी ओट्यावर पुस्तक नेलं नाही. तिसऱ्या दिवशी गावित सरांना फोन लावला.

"पाटील सर! आज कशी आठवण?"

आप्पांनी अडखळत सगळं सांगितलं. मग गावित सर म्हणाले, "सर, रागावू नका. तुम्ही त्या पेन्सिलींचं पान घेऊन आला होतात ना खोलीवर, त्या दिवशी मला असंच झालं होतं."

"तुम्ही बोलला नाहीत."

"काय बोलणार? तुमचं चुकीचं नव्हतं. मला दिसत होतं की चुकीचं नाही. पण माझी आई गेली तेव्हा तेच पुस्तक तिच्या उशाशी होतं. तिला त्यात तांबडं-निळं नव्हतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. वाचत राहिलो. सलग."

थोडं हवापाण्याचं बोलून त्यांनी फोन ठेवला. आप्पांना वाटलं होतं की मन हलकं होईल. झालं नाही. पण चेतनाकडे जाऊन आपलं म्हणणं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. गेले नाहीत. जाऊन काय सांगणार? गाणं आहे तसं राहू द्या, त्यात माझी बायको आहे? असं पुरुषानं पाच बायकांत कसं म्हणायचं? शुक्रवार गेला, शनिवार गेला. झेरॉक्स वाटल्या गेल्या, त्यात फक्त तांबड्या ओळी होत्या.

रविवारी संध्याकाळी चेतनाच्या घरी कानबाई बसली. नथ, हिरवं लुगडं, गळ्यात भाऊबंदांच्या घरांतले दागिने. पुरुष ओट्यावर बसले, आप्पा दाराशेजारच्या कोपऱ्यात. आत दिवा लागला, डफ तापवून झाला आणि तापीबाईंनी गाणं धरलं. वय ऐंशीच्या पुढं, तरी आवाज खणखणीत. दमणी निघाली, रानी बसली, भाऊ चालला. बायका कागदात बघून ओळ झेलू लागल्या. आप्पांना वाटलं, चला, होतंय नीट. गाणं सरळ झालं. नदीची ओळ जिथं यायची तिथं ती आली नाही आणि कुणाला काही वाटलं नाही.

दुसऱ्या वळणावर तापीबाईंचा आवाज खाली आला. चौथ्याला ओळ अर्धीच निघाली. चेतनानं कागदातून पुढचा शब्द सांगितला. तापीबाईंनी तो घेतला, पुढं दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. डफही थांबला.

"काय झालं आजी? पाणी देऊ?"

"पानी काय करू? माले सास घेवाले जागा नही ऱ्हायनी."

"म्हणजे?"

"आठे ती गाये, मी दम खाऊ. मग मी गाऊ, ती दम खाये. आते आठे काहीच नही." त्या समोर बघत होत्या. समोर फुलवंताबाई बसली होती; ती उगीचच सरकली. मग तापीबाईंनी दाराकडे तोंड करून आवाज चढवला, "मास्तर! शे का रे तठे? तू मन्हा गाणाना दम काढी लिधा रे!"

ओट्यावरचे पुरुष आप्पांकडे बघून हसले. आत बायका हसल्या. पण तापीबाई हसत नव्हत्या. चेतना म्हणाली, "आजी, शोभाआजीच्या ओळी तुम्हाला येत असतील ना?"

"नही येत. मी तवय दम खाऊ का ऐकू?"

कुणालाच येत नव्हत्या. झेलताना सगळ्यांना येत. धरायला कुणाला येईनात. कागदावर तर नव्हत्याच. आत कुजबूज सुरू झाली. कुणी म्हणालं मोबाइलवरचं लावा, कुणी म्हणालं आरती करून घेऊ. देवी बसलेली आणि गाणं अर्ध्यावर. असं कधी झालं नव्हतं.

आप्पांना त्या सगळ्या पाठ होत्या. उठावं आणि घरी जावं असं वाटलं, आणि ते उठलेही. पण घराच्या बाजूला न वळता ते दारात जाऊन उभे राहिले, चौकटीला हात लावून, आत पाऊल न टाकता. गाणं त्यांना येत नव्हतं. वर्गात शुद्धलेखन सांगत तसं, एकेक शब्द सुटा करून, ते म्हणाले,

"तापीना पानीमाईन उनी माय, वल्ला पाय उंबरावर."

मग मागच्या एका सुनेला हसू फुटलं. तापीबाईंनी मात्र हसणारीकडे बघितलंसुद्धा नाही. बायकांनी ती ओळ झेलली. झेलताना ती गाणं झाली. तेवढ्यात तापीबाईंनी दम घेतला आणि पुढची ओळ धरली. दमणी वेशीत आली. मग त्या थांबल्या आणि दाराकडे बघितलं. आप्पांनी पुढची सांगितली.

असं शेवटपर्यंत चाललं. रानी येऊन बसली, आणि माय पुन्हा नदीतून निघाली, आणि कुणी विचारलं नाही की बसलेली परत कशी येते. आप्पांनी मान वर केली नाही. एक ओळ संपता संपता त्यांचा आवाज चिरकला, तेव्हा तापीबाई मधेच म्हणाल्या, "सावकाश, मास्तर. ती बी आठेच घाई करे." आणि गाणं पुढं गेलं.

सोमवारी सकाळी, मिरवणूक निघायच्या आधी, चेतना आप्पांच्या ओट्यावर आली. तिचे डोळे जागरणानं लाल होते.

"आप्पा, काल सगळ्यांनी ठरवलं. नदीचं पण छापायचं. दुसरी प्रत काढते."

"छाप."

"आनि मी म्हटलं, शोभाआजीच्या ओळींपुढं त्यांचं नाव घालायचं. एवढं त्यांचं आहे, लोकांना कळलं पाहिजे. तुमचा तो तांबड्या-निळ्या खुणांचा कागद द्या, म्हणजे चूक नको व्हायला."

आप्पांच्या डोळ्यांपुढे ते पान आलं. शोभाचं नाव छापलेलं. भाग्येशला दाखवता येईल. नातवंडं वाचतील. आणि पाच-दहा वर्षांनी कुणी फुलवंताबाई म्हणेल, या नाव घातलेल्या ओळी कुणाच्या? बाहेरच्या ना? मग काढा. काढायला सोपं पडेल. कुठं कापायचं ते लिहिलेलंच असेल.

"तो कागद काही खरा नाही, चेतना."

"म्हणजे?"

"मी नीट बघितलं परत. ते दोन गाणी वगैरे काही नाही. माझाच गैरसमज झाला होता."

"पण तुम्ही तर सगळं पटवून दिलं होतं. माय, रानी, तापी..."

"नावं काय, देवीला कितीही असतात. आणि तापी सगळ्यांचीच. म्हाताऱ्या माणसाला रिकामपणी दिसतं काहीबाही." त्यांनी जरा हसून बघितलं. "गाणं एकच आहे. पहिल्यापासून असंच असणार. तसंच छाप."

चेतनाला पटलं की नाही, ते कळलं नाही. "बरं," ती म्हणाली. "तरी मला वाटलं होतं तुम्हाला बरं वाटेल."

"बरं वाटलं ना," आप्पा म्हणाले.

ती गेल्यावर ते आत गेले. कागद पोथीत ठेवला होता तो काढला, शेगडीपर्यंत नेला. गॅस पेटवला. कडेनं जळत आला तेव्हा निळ्या ओळी एकदा डोळ्यांखालून गेल्या. त्या त्यांना पाठच होत्या.

थोड्या वेळानं मिरवणूक घरावरून निघाली. कानबाई चेतनाच्या डोक्यावर, तापीबाई ट्रॅक्टरवर बसलेल्या, पुढं डफ, मागं साऱ्या सुना-लेकी. आप्पा ओट्यावर उभे राहिले. गाणं कालचंच होतं, पण आता धरणाऱ्या वेगळ्या होत्या. तापीबाई थांबल्या की जी कुणी ट्रॅक्टरजवळ असेल ती पुढची ओळ उचलत होती, कधी बरोबर, कधी शब्द इकडचे तिकडे करून. रात्री हसली होती ती सून आता सर्वांत मोठ्यानं गात होती. तिनं नदीच्या ओळीत माय म्हणायच्या जागी रानी म्हटलं. आप्पांचे ओठ हलले. दुरुस्त करायला हाक मारण्याइतकी ती जवळ होती. त्यांनी हाक मारली नाही.

शेजारच्या ओट्यावरून कुणीतरी विचारलं, "आप्पा, चालनात का बोळवाले?"

"तुम्ही व्हा पुढं. येतोच मी."

लोक पुढं झाले. मिरवणूक पाण्याच्या टाकीपाशी वळली आणि दिसेनाशी झाली. डफ ऐकू येत होता, गाणंही येत होतं, पण ओळ कोणती चालली आहे ते इतक्या लांबून कळत नव्हतं. आप्पा तसेच उभे राहिले, खांबाला हात लावून, मान जरा त्या बाजूला कलती करून.